लँडलेडी आणि मिसेस मलोनी: दोघींना एकाच मापानं मोजू नका

ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल म्हटलं की आपल्याकडे आधी त्याच्या मुलांच्या कादंबरीतला चॉकलेटचा कारखाना आठवतो. पण साहित्याच्या वर्गात त्याच्या मोठ्यांसाठीच्या कथा शिकवायला घेतल्या की दोन हमखास येतात: ‘लॅम्ब टु द स्लॉटर’ आणि ‘द लँडलेडी’. पहिली 1953 साली ‘हार्पर्स मॅगझिन’मध्ये छापून आली, दुसरी 1959 साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये. दोन्हींत ऊबदार, नीटनेटकं घर आहे, गोड बोलणारी बाई आहे, काहीतरी खायला-प्यायला पुढे केलं जातं आणि माणूस मरतो. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री दोन्हींची सरमिसळ ठरलेली. ‘सभ्य चेहऱ्याआडचं क्रौर्य’ असा प्रश्न दिसला की एकच पाठ केलेलं उत्तर दोन्हीकडे चिकटवलं जातं, फक्त पात्रांची नावं बदलून. एका कथेला ते उत्तर चपखल बसतं, दुसरीला बसत नाही. (पुढे दोन्हींचे शेवट उघड केलेत. वाचल्या नसतील तर आधी वाचून या, तासाभरात दोन्ही होतात.)

गोष्टी थोडक्यात अशा. ‘लँडलेडी’तला बिली वीव्हर सतरा वर्षांचा. नव्या नोकरीसाठी लंडनहून बाथ शहरात रात्री नऊच्या सुमारास उतरतो, थंडी मी म्हणत असते. मुक्कामाला तो ‘बेल अँड ड्रॅगन’ नावाच्या ठिकाणी निघालेला असतो, पण वाटेत एका घराच्या खिडकीत ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ची पाटी दिसते आणि तो तिथेच शिरतो. मालकीणबाई त्याला चहा पाजतात. दुसऱ्या कथेत सहा महिन्यांची गरोदर मेरी मलोनी पोलिसात असलेल्या नवऱ्याची वाट बघत बसलेली असते. तो येतो, तिला काहीतरी सांगतो. ती तळघरातल्या फ्रीझरमधून कोकराची गोठलेली तंगडी काढते, तीच त्याच्या डोक्यात घालते आणि नंतर भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना खाऊ घालते.

आता मुखवटा कधी चढला ते बघा. लँडलेडीच्या तोंडावर तो दार उघडायच्या आधीपासून आहे. मेरीच्या तोंडावर तो खून झाल्यानंतर चढतो. माझ्या मते दोन कथांमधला खरा फरक हाच आहे, आणि बाकीचे सगळे त्याच्यातूनच निघतात.

लँडलेडीचा गोडवा म्हणजे आमिष. घंटेवरचं बोट निघायच्या आत दार उघडतं, म्हणजे बाई दाराशीच उभी होती. भाडं नाश्त्यासकट रात्रीचे साडेपाच शिलिंग, बिली जे द्यायला तयार होता त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यावर बाई म्हणते, जास्त वाटत असतील तर थोडे कमी करते, न्याहारीला अंडं हवंय का? हल्ली अंडी महाग झालीत, अंडं नको असेल तर सहा पेनी कमी. मला या कथेतलं सगळ्यात भयंकर वाक्य हे वाटतं, कडवट बदामाच्या चवीचा, म्हणजे विषाची खूण असलेला चहा नव्हे. जो मुलगा सकाळी नाश्त्याला बसणारच नाही, त्याच्याशी ती अंड्याच्या पैशांची घासाघीस करते! आणि ती इतक्या सहज करते की आपल्यालाही ती काटकसरी, मायाळू काकूच वाटते.

हे एकदा दिसलं की बाकीचे धागे आपोआप सुटायला लागतात. घराच्या दारात एकही टोपी नाही, कोट नाही, छत्री नाही. मी पाहुणे जरा निवडूनच घेते, असं ती लाडिकपणे सांगते. बिलीचं आडनाव तिच्या लक्षात राहत नाही. एकदा ती त्याला पर्किन्स म्हणते, एकदा विल्किन्स, शेवटी बिचारा स्पेलिंग सांगतो. विसराळू बाई म्हणून आपण हे सोडून देतो. मग पाहुण्यांच्या वहीची गोष्ट येते. सही करायला लावताना ती आधी म्हणते की तसा कायदाच आहे. नंतर म्हणते की पुढे तुझं नाव विसरले तर खाली येऊन वहीत बघता येईल, मलहॉलंड आणि टेम्पल या दोघांसाठी मी अजूनही रोज जवळजवळ तेच करते. वहीत बिलीच्या आधी ही दोनच नावं आहेत आणि दोन्ही नोंदी दोन वर्षांहून जुन्या. (मलहॉलंडचा पत्ता कार्डिफचा आहे. डालचा जन्मही 1916 साली तिथलाच. असले खासगी चिमटे तो अधूनमधून काढतो.) दोघे गेले कुठे, तर ती म्हणते कुठेच नाही, इथेच आहेत, वरच्या मजल्यावर. टेम्पल अठ्ठावीस वर्षांचा होता, पण अंगावर एक डाग नव्हता, कातडी लहान बाळासारखी. शेगडीपाशी झोपलेला कुत्रा आणि पिंजऱ्यातला पोपट, दोघंही पेंढा भरलेले. कुणी भरले? तिनंच. पाळलेले प्राणी मेले की त्यांच्यात मी स्वतः पेंढा भरते, असं ती सहज सांगून टाकते.

बारकाईनं वाचलं तर लँडलेडी काहीच लपवत नाही. सगळं तोंडावर सांगते. लपतं ते तिच्या सांगण्याच्या सुरामुळे. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणतो ती बाई हीच, फक्त ही स्वतःचे पाय दाखवते आणि समोरच्याला ते दिसत नाहीत.

मेरी मलोनी गोगलगाय नाही. कथेच्या सुरुवातीची तिची माया खरी आहे. दोन ग्लास तयार, बर्फ तयार, नवऱ्याच्या गाडीचा आवाज कधी येतो याकडे कान. तो आला की त्याच्या सोबतीत गप्प बसून राहणंही तिला आवडतं. इथे विद्यार्थी अडखळतात. पुढे ती खून करते हे ठाऊक असल्यामुळे सुरुवातीच्या मायेतही ते ढोंग शोधतात. ‘मेरी सोज्वळतेचा बुरखा पांघरून बसली आहे’ हे वाक्य मी बऱ्याच उत्तरांत वाचलंय आणि दर वेळी लाल पेनानं खोडलंय. तसा एकही पुरावा कथेत नाही. फार तर म्हणता येईल की तिची ही माया जरा गुदमरवणारी आहे, आणि त्याला ती गुदमरवत असावी. पण ते ढोंग नव्हे.

तिचा मुखवटा कसा तयार होतो हे डाल आपल्या डोळ्यांदेखत दाखवतो, आणि ते पान अभ्यासायलाच हवं. तंगडी ओव्हनमध्ये सरकवून ती हात धुते, वर जाते, आरशासमोर बसते. केस नीट करते, ओठ रंगवते. हसून बघते, तर हसू विचित्र येतं. आता दुकानात जाऊन सॅम नावाच्या वाण्याला काय म्हणायचं ते मोठ्यानं म्हणून बघते, आवाजही विचित्र. पुन्हा म्हणते. बटाटे हवेत, वाटाण्याचा डबा हवा. हळूहळू हसू आणि आवाज जागेवर येतात, मग आणखी काही वेळा तालीम. लँडलेडीला अशी तालीम करावी लागल्याचं आपण कधीच बघत नाही. तिची झाली असेल तर कथा सुरू होण्याच्या कितीतरी आधी. मेरीची आपल्यासमोर होते, पहिल्या प्रयत्नातल्या चुकांसकट.

आणि मग डाल एक गंमत करतो. दुकानातून परतताना मेरी स्वतःला बजावते की सगळं नेहमीसारखं करायचं, म्हणजे नाटक करायची गरजच पडणार नाही. घरात शिरते, जमिनीवर पडलेला नवरा बघते आणि खरोखर हंबरडा फोडते. इतक्या वर्षांचं प्रेम उफाळून येतं. नाटक करावं लागत नाही. म्हणजे खुनी तीच आणि विधवाही तीच, दोन्ही अगदी खरी. याला मुखवटा म्हणायचं की चेहरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि परीक्षेत कुणी मुद्देसूदपणे तसं लिहिलं तर मी पूर्ण गुण देईन.

आता वाचक कुठे बसलाय ते बघू. ‘ड्रॅमॅटिक आयर्नी’ म्हणजे पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट वाचकाला ठाऊक असणं, हे सगळ्यांना पाठ असतं. दोन्ही कथांत ती आहे असं लिहून सगळे मोकळे होतात. पण मात्रा वेगळी आहे. मेरीच्या कथेत आपल्याला पूर्ण ठाऊक आहे. खून बघितला, हत्यार बघितलं, ते शिजतानाही बघितलं. शेवटी पोलीस तोंडात घास असताना म्हणतात की हत्यार इथेच कुठेतरी असणार, अगदी आपल्या नाकाखाली, तेव्हा आपण मेरीच्या बाजूनं हसतो. शेजारच्या खोलीत ती खुदकन हसते, तेही आपल्याबरोबरच. लँडलेडीच्या कथेत मात्र आपल्याला नुसता संशय असतो, तो बिलीच्या दोन पावलं पुढे चालतो, पण खात्री कधीच मिळत नाही. खून पानावर होतच नाही. आधीचे दोन झाले की नाही हेही कुणी स्पष्ट सांगत नाही. शेवटी बिली विचारतो की मधल्या काळात दुसरे पाहुणे आलेच नाहीत का, आणि ती म्हणते, नाही रे बाळा, फक्त तूच. तिथेच कथा थांबते. मेरीच्या पापात आपण भागीदार होतो. बिलीच्या बाबतीत आपण काचेबाहेरून बघत राहतो आणि त्याला हाक मारता येत नाही.

फोरशॅडोइंगबद्दल, म्हणजे पुढच्या घटनेची चाहूल आधीच देण्याबद्दल, फार लिहीत नाही. ‘लँडलेडी’ त्यानं गच्च भरलेली आहे. ‘लॅम्ब’मध्ये खुनाआधी ते जवळपास नाही, असायचं कारणही नाही, कारण खुनाचा बेतच नव्हता. ओढूनताणून शोधू नका.

भुताचं मात्र सांगायला हवं. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचून मोठे झालेले वाचक लँडलेडीच्या घरात शिरले की ती भूत आहे की काय असं त्यांना वाटायला लागतं. तो वास अगदीच चुकीचा नाही. डालनं 1983 साली भूतकथांचा एक संग्रह संपादित केला. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो की ही कथा त्यानं भुताची म्हणूनच लिहायला घेतली होती, ती जमेना म्हणून शेवट बदलला. भूत गेलं, त्या जागी पेंढा आला. माझ्या मते त्यामुळे कथा जास्त भीतीदायक झाली.

दोन्हींना जोडणारी एक गोष्ट खरी आहे, पण ती बहुतेक उत्तरांत येत नाही: बळी आणि पोलीस दोघेही फसतात ते स्वतःच्या चांगल्या वळणामुळे. बिलीला शंका येते. वर्तमानपत्रात ती नावं वाचल्याचं त्याला अर्धवट आठवतंही. पण बाई दिसते कशी, तर जिवलग मित्राची आई नाताळच्या सुटीत घरी स्वागत करते तशी. अशा घरातून चहा अर्धा टाकून कोण उठेल? शिवाय तो स्वतः नव्या सुटाबुटात मोठा माणूस दिसायची धडपड करतोय. पोलिसांचंही तेच. ड्युटीवर दारू नको म्हणतात, पण मैत्रिणीसारखी बाई, मेलेल्या सहकाऱ्याची बायको आग्रह करतेय. आधी व्हिस्की घेतात, मग जेवायलाही बसतात, म्हणजे पुरावा संपवायला मदत करतात. वाणी सॅमची साक्षही मेरीच्या बाजूनं पडते: नेहमीसारखीच होती, आनंदात होती, नवऱ्यासाठी चांगलं जेवण करणार होती. गोडवा ढाल होऊ शकतो, कारण समोरच्यालाही गोड वागायची सवय असते.

आता राहिला प्रश्न, क्रौर्य नक्की कुणाचं? लँडलेडीबद्दल वाद नाही. मेरीच्या घरी मात्र पहिला घाव तिचा नाही. नवरा तिला काय सांगतो हे डाल लिहीतच नाही. चार-पाच मिनिटं लागली, एवढंच कळतं. पुढे तो म्हणतो की पैसे देईन, तुझी सोय बघेन, पण गाजावाजा नको, नोकरीच्या दृष्टीनं ते बरं नाही. सहा महिन्यांच्या गरोदर बायकोला हे सांगताना त्याला काळजी आहे ती नोकरीतल्या नावाची. ‘सभ्य दिसण्याआडचं क्रौर्य’ हा मथळा त्या कथेत कुणाला लावायचा असेल, तर मी आधी पॅट्रिक मलोनीला लावेन. त्यानं खून माफ होत नाही. पण उत्तर लिहिताना हा माणूस वगळला, तर कथा अर्धीच वाचली असं होतं.

दोघींची गल्लत फक्त विद्यार्थीच करतात असं नाही. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं 1958 साली ‘लॅम्ब’ आपल्या ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ या टीव्ही मालिकेत आणली. बार्बरा बेल गेडीसनं मेरी झकास केली. खुनी मोकळी सुटली असं दाखवणं त्या काळच्या टीव्हीला परवडणारं नव्हतं, म्हणून शेवटी हिचकॉक स्वतः येऊन मिश्कीलपणे सांगतो की बाईंनी पुढे दुसऱ्या नवऱ्यावरही हाच प्रयोग केला, पण तो फ्रीझरची पिन लावायला विसरला होता, मांस मऊच राहिलं आणि बाई सापडल्या. विनोद म्हणून हसू येतं. पण या एका वाक्यानं मेरीला सवयीची खुनी करून टाकलं. ती अर्ध्या मिनिटात लँडलेडीच्या रांगेत जाऊन बसली, आणि पॅट्रिकची ती चार-पाच मिनिटं हिशेबातूनच गेली. ‘द लँडलेडी’ 1961 साली त्याच मालिकेत आली.