व्यसन रोखण्याचं काम कुणी करायचं? गोव्यातून दिसणारी पार्श्वभूमी

२६ जून, म्हणजे आंतरराष्ट्रीय अमली पदार्थविरोधी दिन, जवळ आला की गोव्यातल्या शाळांत अमली पदार्थविरोधी व्याख्यानं लागतात. कधी पोलीस अधिकारी येतात, कधी डॉक्टर, कधी चर्चचे फादर, कधी स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला माणूस. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो. मात्र मुलांपुढे हा विषय मांडायला वेगळं शिक्षण किंवा प्रमाणपत्र लागतं, असं आपल्याकडचा कुठलाही कायदा आजवर म्हणत नाही. यामागे चार-पाच दशकांचा प्रवास आहे.

गोव्याबाहेरच्या लोकांना गोवा म्हटलं की हणजूण-वागातोरचा किनारा आठवतो. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे हिप्पी आले, त्यांच्याबरोबर चरस-गांजाची चर्चा आली, आणि १९८५मध्ये अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा लागू झाल्यावर पोलिसी कारवायांच्या बातम्या सुरू झाल्या. सत्तरी, डिचोली, काणकोण अशा तालुक्यांतल्या घरांचं दुखणं मात्र जुनं आणि बहुतेक वेळा कायदेशीर आहे: दारू. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये आलेल्या सर्वेक्षणात देशातल्या १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के निघाले, गोव्यात सुमारे २८ टक्के. तरी व्याख्यानांत दारूपेक्षा ड्रग्जचीच भीती जास्त घातली जाते. घरोघरी चालणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायला जड जातं, हे एक कारण असावं.

हे काम आधी सुरू केलं ते उपचार करणाऱ्यांनी. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि १९५७मध्ये भारतात आला. तिथे पदवी कुणी विचारत नव्हतं. स्वतः दारू सोडलेली असणं हीच पात्रता. १९८१मध्ये मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी व्यसनमुक्तीसाठी ‘कृपा फाउंडेशन’ उभारलं. १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. गोव्यात १९८०मध्ये मनोविकार व मानवी वर्तन संस्था स्थापन झाली, ती आज बांबोळीला आहे. त्याआधीचं इस्पितळ पणजीत आल्तिनो टेकडीवर होतं आणि त्याला नाव होतं आबे फारिया यांचं. कांदोळीत जन्मलेल्या या संमोहनतज्ज्ञाचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे, पण त्यांच्या नावाने इस्पितळ होतं हे आता फार थोड्यांना ठाऊक असेल.

या सगळ्यांत व्यसन लागूच नये म्हणून करायचं काम, म्हणजे प्रतिबंध, उपचाराच्या पदराआडच राहिलं. हे वेगळं कौशल्य आहे ही समज आधी अमेरिकेत रुजली. १९८१पासून काम करणाऱ्या ‘आयसी अँड आरसी’ या प्रमाणन संघाने उपचारातल्या समुपदेशकांच्या जोडीला प्रतिबंधतज्ज्ञाचं स्वतंत्र प्रमाणपत्र आणलं. त्यासाठी २,००० तासांचा अनुभव, १२० तासांचं प्रशिक्षण आणि लेखी परीक्षा लागते. प्रशिक्षणातले काही तास फक्त व्यावसायिक नीतीचे असतात. आशियात ही वाट ‘कोलंबो प्लॅन’ या आशिया-पॅसिफिक देशांच्या सहकार्य संघटनेने आणली. या संघटनेचा भारत संस्थापक सदस्य. तिचा अमली पदार्थविषयक कार्यक्रम १९७३चा, आणि व्यसनक्षेत्रातल्या लोकांना प्रमाणित करणारं केंद्र २००९चं. तिथल्या प्रतिबंधाच्या अभ्यासक्रमात शाळा, कुटुंब, कामाची जागा, वस्ती, प्रसारमाध्यमं आणि धोरण असे वेगवेगळे भाग आहेत.

खरा धक्का दिला तो संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने. २०१३मध्ये त्यांनी प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढले आणि २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर ते सुधारले. नुसती माहिती देणं, घाबरवणं, पूर्वी व्यसनी असलेल्या माणसाला मुलांपुढे उभं करून त्याची कहाणी ऐकवणं, यांचा उपयोग दिसत नाही आणि कधी उलटाच परिणाम होतो, असं त्यात नोंदवलं आहे. म्हणजे आपल्याकडचा २६ जूनचा जवळजवळ सगळा कार्यक्रम. व्यसनातून बाहेर पडलेल्याचा अनुभव उपचार केंद्रात अनमोल असतो. सातवीच्या वर्गात तो तितकाच उपयोगी पडेल असं नाही. प्रशिक्षणाची गरज पटवायला मला याहून मोठं कारण दिसत नाही.

गोव्यात परिणामकारक प्रतिबंध झाला तो व्याख्यानाने नव्हे, कायद्याने. कर्करोग शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखूविरोधात चिकाटीने लढा दिला आणि १९९७मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकण्यावर बंदी घालणारा राज्याचा कायदा झाला. केंद्राचा तंबाखू कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला.

दुसरा धडा ‘संगथ’ने दिला. १९९६मध्ये गोव्यात सुरू झालेल्या, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांवर एक प्रयोग केला. समुपदेशन करणारे मानसोपचाराची पदवी नसलेले साधे लोक होते. जास्तीत जास्त चार बैठका. ३७७ जणांच्या या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. हे खरं तर उपचाराचं काम, पण त्यामागची शिस्त प्रतिबंधालाही लागू पडते. बैठकांचं ध्वनिमुद्रण होई, सहकारी ते ऐकून एकमेकांच्या कामाला गुण देत. पदवी नसली तरी देखरेख होती. आपल्याकडची बरीच प्रमाणपत्रं पाचेक दिवसांच्या कार्यशाळेवर मिळतात, आणि त्यानंतर कुणी काम पाहायला येत नाही.

देशात या प्रशिक्षणाची सरकारी बाजू दिल्लीच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेकडे आहे. १९९८मध्ये तिथे अमली पदार्थ प्रतिबंध केंद्र सुरू झालं. व्यसनमुक्ती समुपदेशनाचे अभ्यासक्रम तिथून चालतात, आणि गोव्यातल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणासाठी पुण्याचा ‘मुक्तांगण’ जवळचा पडतो. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झालं. मदतीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. किशोरवयीन मुलांमधून समवयस्क शिक्षक तयार करण्याची तरतूदही केंद्र सरकारच्या योजनेत आहे, म्हणजे त्यांना शिकवणाराही प्रशिक्षितच हवा.

डॉक्टर-परिचारिकांखेरीजच्या आरोग्यसेवकांसाठी असलेल्या २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याने समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते नोंदणीच्या कक्षेत आणले. परिशिष्टात एचआयव्ही समुपदेशक आहेत, मधुमेह शिक्षकही आहेत. व्यसन प्रतिबंधासाठी काम करणाऱ्याचं नाव तिथे वेगळं नाही.