विल्यम काँग्रीव्हचे व्यक्तिचित्र (नेलर, १७०९)

इंग्रज नाटककार विल्यम काँग्रीव्ह (१६७०–१७२९) याचे गॉडफ्री नेलरने रंगवलेले तैलचित्र. ‘किट-कॅट’ चित्रमालिकेतले हे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहे.

किट-कॅट क्लब म्हणजे व्हिग पक्षाचे (राजापेक्षा संसदेचा कैवार घेणाऱ्या गटाचे) सरदार, राजकारणी आणि लेखक यांची लंडनमधली बैठक. ख्रिस्तोफर कॅट नावाच्या भटारखानेवाल्याकडे ती भरे. त्याच्याकडचे मटणाचे ‘पाय’ (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) प्रसिद्ध होते आणि क्लबाचे नावही त्याच्यावरूनच पडले (‘किट’ हे ख्रिस्तोफरचे लघुरूप), असे मानतात. क्लबाचा कारभार पाहणारा प्रकाशक जेकब टॉन्सन याच्यासाठी नेलरने सभासदांची चाळीसहून अधिक चित्रे काढली. नेलर जन्माने जर्मन, ल्यूबेकचा. इंग्लंडच्या दरबाराचा प्रमुख चित्रकार. या मालिकेसाठी त्याने ३६ × २८ इंचांचा कॅनव्हास वापरला. डोके, खांदे आणि निदान एक हात मावेल एवढे हे माप पुढे ‘किट-कॅट’ याच नावाने रूढ झाले. टॉन्सनच्या बार्न एल्म्स इथल्या घरातल्या खोलीचे छत ठेंगणे होते म्हणून हे माप निघाले, अशी आख्यायिका आहे.

चित्रात काँग्रीव्ह खांद्यांवर रुळणारा भरघोस विग आणि मखमली कोट घालून उभा आहे; हाताने तो चौकटीबाहेर कुठेतरी बोट दाखवतो. मागे झाडी. लेखणी नाही, कागद नाही. ओळख ठाऊक नसेल तर हा जमीनदारच वाटावा, आणि तसे वाटावे हाच हेतू असणार. ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ (१७००) नंतर त्याने त्या तोडीचे नाटक लिहिले नव्हते. १७०९ मध्ये तो दारू-परवान्यांच्या खात्यातले सरकारी पद सांभाळत होता. पुढे फ्रेंच लेखक व्हॉल्टेअर भेटायला गेला, तेव्हा ‘मला लेखक नव्हे, एक सभ्य गृहस्थ समजा’ अशा अर्थाचे काँग्रीव्ह बोलला. ‘नुसते गृहस्थ असता तर मी आलोच नसतो,’ असे आपण सुनावल्याचे व्हॉल्टेअरने नोंदवले आहे.

गंमत अशी की याच मालिकेतल्या टॉन्सनच्या चित्रात (१७१७) पुस्तक आहे. विगाऐवजी मऊ टोपी घातलेला हा प्रकाशक मिल्टनचे महाकाव्य ‘पॅराडाइज लॉस्ट’ ऐटीत मिरवतो.

१७३५ च्या सुमारास जॉन फेबरने मालिकेच्या मेझोटिंट (तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेल्या) छापप्रती काढल्या. मूळ चित्रे टॉन्सनच्या वारसांकडे राहिली आणि १९४५ मध्ये गॅलरीकडे आली.