सानपाड्याचं उघडं वायफाय

२६ जुलै २००८. अहमदाबादेत स्फोटांची मालिका सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. आयपी पत्त्याचा माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईच्या सानपाड्यात, एका अमेरिकी रहिवाशाच्या फ्लॅटवर. मेल त्याच्या वायफायवरून गेला होता, पण वायफाय उघडं असल्याने ते दुसऱ्याच कुणी वापरलं, असं तपासात दिसलं. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं नेटवर्क असंच वापरलं गेलं आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांवेळी, चेंबूरच्या एका ऑफिसचं.

मग २६ नोव्हेंबर आलं. जानेवारी २००९मध्ये लॅपटॉप घेऊन फिरत उघडी नेटवर्क हुडकण्याची मोहीम मुंबई पोलिसांनी जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. मुंबईकराच्या राउटरला कुलूप लागलं ते असं, पोलिसांच्या धाकाने.

त्याआधी उघडं ठेवण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वायफाय ज्या रेडिओलहरींवर चालतं तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवानामुक्त झाला तोच जानेवारी २००५मध्ये. राउटर बरेचदा खोक्यातूनच बिनपासवर्डचा निघायचा. केबलवाला दिवा हिरवा झाला की निघून जायचा.

‘पासवर्ड लावा’ हे ठीक, पण सेटिंगच्या मेनूत कुलपं अनेक होती आणि त्यातलं एक केव्हाच मोडलेलं होतं. ते म्हणजे डब्ल्यूईपी, वायफायच्या १९९७च्या मूळ मानकातली माहिती सांकेतिक करण्याची पद्धत. अमेरिकेच्या निर्यातबंधनांमुळे त्याची गुप्त किल्ली अवघी ४० बिटांची ठेवलेली. पुढे ती १०४ बिटांची झाली, पण खरा दोष लांबीत नव्हताच. प्रत्येक पॅकेटसाठी, म्हणजे हवेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यासाठी, किल्लीला जोडला जाणारा आकडा २४ बिटांचा, म्हणजे पावणेदोन कोटींहून कमी पर्याय. गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांत संपून पुन्हा तेच येऊ लागतात. २००१मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी तर हा आकडा किल्लीला जोडण्याच्या पद्धतीतूनच मूळ किल्ली कशी काढता येते ते दाखवलं. २००७मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या तिघा संशोधकांनी हेच काम मिनिटाच्या आत आणलं. थोडक्यात, २००९मध्ये कुणी डब्ल्यूईपी निवडलं असेल, तर पोलिसांच्या लेखी तो शहाणा, शेजारच्या हुशार पोरासाठी मात्र दार उघडंच.

त्यानंतरचं कुलूप, २००३चं डब्ल्यूपीए, ही डागडुजी होती. जुन्याच चिपवर चालावं म्हणून माहिती सांकेतिक करणारं डब्ल्यूईपीचंच आरसी४ हे जुनं सूत्र ठेवलं आणि टीकेआयपी या नव्या पद्धतीने दर पॅकेटला किल्ली बदलली. खरी दुरुस्ती २००४च्या डब्ल्यूपीए-२ची. त्यात एईएस हे नवं, मजबूत सूत्र आलं, त्याला बहुधा नवं हार्डवेअर लागे. मार्च २००६पासून प्रमाणित होणाऱ्या नव्या उपकरणांना ते सक्तीचं झालं. मेनूत ‘टीकेआयपी+एईएस’ असा खिचडी पर्याय दिसतो तो याच संक्रमणाचा अवशेष. तो निवडू नये.

बटण दाबून जोडणी करून देणारं डब्ल्यूपीएस सोयीचं, पण त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो. त्यामुळे सुमारे ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११मध्ये उघड झालं. बंदच ठेवावं.

डब्ल्यूपीए-२मध्ये सूत्र मजबूत, पण जोडणीच्या वेळचा हँडशेक, म्हणजे पासवर्ड पटवण्यासाठी उपकरण आणि राउटर यांच्यात होणारी देवाणघेवाण, हवेतून पकडून घरी बसून पासवर्डचे अंदाज लावता येतात. आपल्याकडे पासवर्ड म्हणून सर्रास काय असतं? मोबाइल नंबर. सहा ते नऊने सुरू होणारे दहा आकडे म्हणजे ४०० कोटी शक्यता. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांच्या आसपास अंदाज तपासतं, तासा-सव्वातासाचं काम.

२०१८च्या डब्ल्यूपीए-३ने ही वाट अडवली. त्यात प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं. पण घरातला जुना प्रिंटर चालावा म्हणून बरेच जण डब्ल्यूपीए-२ आणि ३ दोन्ही चालणारा मिश्र मोड ठेवतात. मग तो प्रिंटर जोडला जाताना डब्ल्यूपीए-२चा हँडशेक हवेत जातोच, आणि पासवर्ड तोच, मोबाइल नंबर.