संगणकीय चेताविज्ञान

मेंदू वर्तनाचे नियंत्रण कसे करतो, याचा गणिती प्रतिमाने (मॉडेल) व संगणक यांच्या साहाय्याने शोध घेणारी ज्ञानशाखा. नाव अलीकडचे आहे. एरिक श्वार्ट्झ यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे भरविलेल्या परिषदेपासून ते रूढ झाले, असे सामान्यतः मानतात.

शाखेच्या उगमाविषयी मात्र एकमत नाही. काही लेखक फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक ल्वी लापिक यांच्या १९०७ च्या निबंधापर्यंत मागे जातात. त्यात चेतातंतूच्या पटलाची (बाहेरच्या पातळ आवरणाची) तुलना गळक्या विद्युत् धारित्राशी (विद्युत् भार साठविणाऱ्या घटकाशी) केली आहे. पटलावरील विभव (विद्युत् दाब) ठराविक उंबरठ्याला पोहोचला की चेता उद्दीपित होते, एवढे त्यात सापडते. विभव पुन्हा खाली आणून तोच क्रम चालू ठेवणे ही आजच्या प्रतिमानातील भर नंतरची दिसते. मॅक्कलक व पिट्स यांच्या १९४३ च्या निबंधाला संगणकशास्त्राचे लेखक अग्रमान देतात, पण त्यातील चेतापेशी (मेंदूतील संदेशवाहक पेशी) तर्कशास्त्रातील, केवळ 'होय' किंवा 'नाही' सांगणारी आहे, प्रयोगशाळेतील नव्हे. त्या मानाने ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक हॉजकिन व हक्सली यांचे १९५२ चे कार्य अधिक ग्राह्य वाटते. माखलीसारख्या स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) घेतलेल्या मोजमापांतून त्यांनी सोडियम व पोटॅशियम यांच्या प्रवाहांची समीकरणे मांडली. केंब्रिज विद्यापीठाचा संगणक त्या वेळी फेरबदलांसाठी बंद होता. त्यामुळे हक्सली यांनी ती समीकरणे हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर सोडविली. म्हणजे संगणकीय शाखेचा हा पाया संगणकाविनाच घातला गेला.

वर्तनाच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण डोपामीन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे आहे. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की ते स्रवणाऱ्या डोपामीन पेशी जोरात स्पंदतात (विद्युत् संदेश सोडतात). आधी दिवा आणि मग रस हा क्रम अंगवळणी पडला की स्पंदन दिव्याकडे सरकते. दिवा लागूनही रस आला नाही, तर तो यायच्या नेमक्या क्षणी स्पंदन मंदावते. शुल्ट्स, डायन व माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये हे 'अपेक्षेतील चूक' मोजणाऱ्या अध्ययन-गणिताशी जुळवून दाखविले.

प्रतिमान निरीक्षणाशी जुळले म्हणजे यंत्रणा उमगली असे होत नाही. खेकडा, शेवंड यांच्या जठराची हालचाल चालविणाऱ्या गुच्छिकेत (चेतापेशींच्या पुंजक्यात) सुमारे ३० चेतापेशी असतात. तिच्यातील एका लयीच्या तीन-पेशी प्रतिमानाचे २ कोटींहून अधिक प्रकार प्रिन्झ, बुखर व मार्डर यांनी २००४ मध्ये संगणकावर तपासले. अगदी वेगवेगळ्या जोडण्यांतूनही जवळजवळ तीच लय निघाली.