व्यापारी इमारतींचा वापरबदल

व्यापारासाठी बांधलेल्या इमारतीतील मूळ व्यवसाय बंद पडल्यावर किंवा अन्यत्र हलल्यावर तीच वास्तू क्रमाने वेगवेगळ्या कामांसाठी वापरली जाण्याच्या प्रक्रियेस वापरबदल म्हणतात. वखारी, गोदामे व बाजारगृहे यांत ती विशेष आढळते. कारण मालाचा भार पेलण्यासाठी त्यांचे मजले भक्कम आणि दालने प्रशस्त ठेवलेली असतात, व ती पुढे जवळपास कोणत्याही कामास चालतात.

पॅरिसमधील धान्यबाजाराची वर्तुळाकार इमारत १७६३–६७ दरम्यान बांधली गेली. पोती घेऊन चढणाऱ्या आणि रिकाम्या हाताने उतरणाऱ्या हमालांची वाटेत गाठ पडू नये म्हणून तिच्यात एकमेकांभोवती गुंफलेला दुहेरी सर्पिल जिना केलेला होता. मधल्या चौकावरील लाकडी घुमट १८०२ मध्ये जळाला, तेव्हा त्या जागी लोखंडी घुमट उभारण्यात आला. मोठ्या फेरबांधणीनंतर १८८९ मध्ये तेथे वायदेबाजार सुरू झाला आणि २०२१ मध्ये समकालीन कलेचे संग्रहालय आले. त्यासाठी जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांनी घुमटाखाली ९ मी. उंचीची काँक्रीटची गोल भिंत घातली. पुढे ती काढावी लागली, तरी जुन्या बांधकामास इजा होऊ नये अशी तिची रचना आहे. हमालांचा जिना अजून जागेवर आहे. व्हेनिसमधील जर्मन व्यापाऱ्यांची वखार १५०५ च्या आगीनंतर नव्याने बांधली गेली. तिच्यात पुढे जकात कचेरी, टपाल कचेरी व २०१६ मध्ये चैनीच्या वस्तूंचे भव्य दुकान आले.

अशा दोन ठळक वापरांमधल्या काळाची नोंद मात्र बहुधा त्रोटक असते. या काळात मालक जागा तुकड्यातुकड्यांनी भाड्याने देतो, दालनांत लाकडी आडभिंती पडतात, उंच छताखाली पोटमाळे निघतात आणि छापखाने, शिंपी, दुरुस्तीवाले एकमेकांशेजारी थाटतात. वास्तुइतिहासकार याला सहसा ऱ्हास मानतात, ते पूर्णतः न्याय्य नाही. भाडेकरू असतात म्हणूनच छपराची डागडुजी होत राहते, तर रिकाम्या इमारतीत गळतीकडे कोणाचे लक्ष नसल्याने तुळया कुजतात व लोखंड गंजते.

नव्या वापरासाठी आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग, उद्वाहने व स्वच्छतागृहे यांची सोय करावी लागते, आणि खर्चाचा मोठा भाग त्यातच जातो. तो टाळण्यासाठी कधीकधी केवळ दर्शनी भिंत राखून मागे सर्वस्वी नवे बांधकाम केले जाते. त्यास जतन म्हणण्याचा प्रघात असला, तरी वापरबदलात त्याची गणना करणे कठीण आहे, कारण ज्या मजल्यांमुळे व दालनांमुळे इमारत पुन्हा वापरता येते, तीच त्यात पाडली जातात.