गिनी पिगला गवत घालताय की पिंजर?

घरात पहिल्यांदा गिनी पिग आला की चाऱ्याची चौकशी सुरू होते. बेळगाव भागात तिचं उत्तर लगेच मिळतं: गावाकडून एखादी पेंडी आणा. येळ्ळूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात भाताची मळणी झाली की पिंजराला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, तोटा नसतो आणि गोठ्यात तर ते बारमाही असतं. पेंडी येते, पिंजऱ्यात पसरली जाते, जनावर त्यात तोंड घालून बसतं, आणि गवत खातंय असं समजून आपण निश्चिंत होतो. काही आठवड्यांनी वजन उतरतं, केस राठ होतात, लेंड्या बारीक आणि कोरड्या पडतात. मग औषधाची शोधाशोध सुरू होते, पण चाऱ्याकडे कुणी बघत नाही.

वाळलं गवत आणि भाताचं पिंजर लांबून सारखंच दिसतं. दोन्ही पिवळट, दोन्ही लांब, दोन्ही पेंडी बांधून मिळतात. पण गिनी पिगच्या पोटासाठी त्यात जेवण आणि पत्रावळ इतका फरक आहे.

गवत म्हणजे फुलोऱ्याच्या सुमारास, दाणा धरण्याआधी कापून पानांसकट वाळवलेली वैरण. त्या वेळी रोपाचा कस पानांत आणि कोवळ्या काडात असतो. पिंजर म्हणजे भात पिकून, कापून, झोडून झाल्यावर मागे राहिलेलं काड. दाणा भरताना रोपाने आपला कस लोंबीत ओतलेला असतो आणि ती लोंबी आपण घरी नेलेली असते. म्हणून पिंजरात प्रथिनं साधारण 4 टक्क्यांच्या आसपासच राहतात. चांगल्या वेळी कापलेल्या गवतात ती 7 ते 10 टक्के मिळतात. गिनी पिगच्या एकूण आहारात सुमारे 18 टक्के प्रथिनं लागतात. ती कसर गोळीखाद्य आणि हिरवा पाला मिळून भरून काढतात, पण मूळ वैरणच पिंजर असेल तर ती भरून निघत नाही. शिवाय भाताच्या काडात वाळूसारखी सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते आणखीच पचत नाही.

‘म्हशी तर पिंजरावरच जगतात’ हे उत्तर हमखास ऐकू येतं. म्हशीचं पोट चार कप्प्यांचं, ती रवंथ करते, आणि तिला वर पेंड-भुसा मिळतो. गिनी पिग रवंथ करत नाही. त्याचं पचनाचं मोठं काम आतड्याच्या शेवटाकडच्या एका पिशवीत होतं, तिथे जंतू तंतू आंबवतात. भरड, न पचणारे तंतू तिथे न थांबताच पुढे सरकतात. पिंजराने त्याचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. आणि भरल्या पोटी ते गवताकडे, गोळ्यांकडे पाठ फिरवतं, हे जास्त वाईट.

दातांचंही तसंच आहे. गिनी पिगला 20 दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात, दाढासुद्धा. दाढा झिजतात त्या जबडा सतत आडवा फिरवून लांब तंतू दळल्याने. त्यासाठी दिवसरात्र थोडं-थोडं खाणं चालू राहावं लागतं. पिंजराच्या पेंडीतून जनावर सुकं पान तेवढं सोलून खातं आणि काड टाकून देतं. चघळण्याचे तास कमी झाले की खालच्या दाढा आत कलून जिभेवर कमान धरतात. मग भूक असूनही घास गिळता येत नाही. हनुवटी ओली दिसणं, घास तोंडात घेऊन पुन्हा टाकणं ही त्याची पहिली खूण.

ओळखायचं कसं? मूठभर वैरण घेऊन उजेडात बसा. पिंजराचं काड गुळगुळीत, चकचकीत, सोनेरी आणि पोकळ असतं. कात्रीने कापलं तर टोकाला नळी दिसते. वाकवलं तर चटकन मोडतं आणि मोडलेलं टोक बोटाला टोचतं. शेंड्याला झोडलेल्या लोंबीचा रिकामा झुपका असतो, क्वचित त्यात एखादं पोचट भात अडकलेलं सापडतं. गवताची मूठ पानांनी भरलेली लागते, रंगात हिरवट छटा उरलेली असते, काड बारीक असतं आणि वाकवलं तर बहुधा तुटण्याआधी दुमडतं. वासावरूनही कळतं: चांगल्या गवताला गोडसर, चहापत्तीच्या अंगाने जाणारा वास येतो. पिंजराला जवळजवळ वासच नसतो. बाजारात ‘गवत’ म्हणून मागितलं तरी हातात पिंजर येऊ शकतं, म्हणून पेंडी सोडून मधलं काड ओढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

मात्र गवत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. दिवाळीनंतर कुरणावरचं गवत कापतात तेव्हा त्याचं बी पडून गेलेलं असतं. असं उशिरा कापलेलं गवत कसाला पिंजराच्याच जवळ जातं. त्यात कुसळी असेल तर ती पेंडी घेऊच नका. तिची पिळदार, टोकदार कुसळं हिरडीत, गळ्याखालच्या केसांत आणि डोळ्यांत घुसतात आणि घुसली की पुढेच सरकत राहतात. कापताना काँग्रेस गवत किंवा घाणेरीची पानं मिसळली असतील तर ती निवडून काढा. ती दोन्ही विषारी आहेत. तणनाशक मारलेल्या बांधावरचं किंवा रस्त्याच्या कडेचं गवत नको. मारवेल चांगली. हरळी सगळ्यात सोपी: ती कुठेही मिळते, काड बारीक, पान मऊ, ताजी असो वा वाळवलेली, गिनी पिग आवडीने खातात. गणपतीत वाहिल्या जातात त्या दूर्वा याच हरळीच्या, पण निर्माल्यातल्या कुंकू-गुलाल लागलेल्या दूर्वा घालू नका.

हाताशी काय येतं हे तुम्ही जिल्ह्याच्या कुठल्या अंगाला राहता त्यावर ठरतं. खानापूर-बेळगावकडे भाताचं पिंजर. ईशान्येला अथणीकडे शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा. कडब्याचं धांडं गिनी पिगला निरुपयोगी, पण त्याची सुकी पानं सोलून थोडी घालायला हरकत नाही. हिरवी कोवळी ज्वारी मात्र कधीच नको: तिच्यात किरळीचं विष असतं, ज्याने गुरंही दगावतात. ऊसपट्ट्यात वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक असतं. त्याच्या पानांची धार करवतीसारखी असते, नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाकिटातलं टिमोथी गवत हे खरं गवतच आहे, परवडत असेल तर उत्तम. त्याच्या शेजारी लसूणघासाचं पाकीट ठेवलेलं असतं. ते हिरवंगार दिसतं म्हणून उचलू नका. लसूणघास शेंगवर्गातली, तिच्यात कॅल्शियम गवताच्या दुपटी-तिपटीने. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण मादीला ती चालते. मोठ्या जनावराला रोज घातली तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

घरी गवत वाळवायचं तर मारवेल किंवा हरळी फुलोऱ्याच्या सुमारास, दव ओसरल्यावर कापा. पहिला दिवस पातळ पसरून उन्हात, पुढचे दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर, दिवसातून दोनदा उलथून. सगळे दिवस कडक उन्हात ठेवलं तर रंग उडतो आणि पान चुरा होऊन गळून जातं. म्हणजे आपल्याच हाताने गवताचं पिंजर केल्यासारखं. वाळलं की नाही हे मिठाने तपासा. काचेच्या कोरड्या बरणीत गवताचे बारीक तुकडे अर्ध्यापर्यंत भरा, दोन चमचे पूर्ण कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर गवत साठवायला योग्य. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर ओल अजून 15 टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा पसरा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात ही ओलच मोठी वैरी ठरते. गवत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की आतून घाम येतो आणि बुरशी धरते. गोणपाटात किंवा सुती पिशवीत, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीला न टेकवता ठेवा. झटकल्यावर पांढरी-करडी धूळ उडाली किंवा ओलसर कुबट वास आला तर ते गवत फेकून द्या, उन्हात घालून वाचवायला जाऊ नका. बुरशी मेली तरी धूळ छातीत जातेच आणि गिनी पिगची फुप्फुसं नाजूक असतात. जून ते सप्टेंबर ताजं गवत मुबलक मिळतं, तेव्हा साठ्यावरचा भार त्याने हलका करता येतो. ताजं गवत निथळून, फडक्याने टिपून घाला. ओल्या गवताचा ढीग काही तासांत आतून गरम होतो आणि असं तापलेलं गवत खाल्लं की पोट फुगतं.

किती लागतं? गिनी पिग आपल्या वजनाच्या दर 100 ग्रॅममागे दिवसाला साधारण 6 ग्रॅम कोरडं खाद्य खातो. 900 ग्रॅमच्या जनावराला म्हणजे 50 ग्रॅमच्या वर, त्यातला मोठा वाटा गवताचा. पण ते अर्धंअधिक पायाखाली तुडवतात, म्हणून रोज प्रत्येकी 100 ग्रॅम धरून चाला. दोन जनावरांना महिन्याला 6 किलो झाले. दिसायचं माप हवं असेल तर जनावराच्या अंगाएवढा ढीग, आणि तो रात्रीही संपता कामा नये. गवत उंच जाळीत टांगू नका, वरून बी-काडी डोळ्यांत पडते. बुटक्या खोक्यात, लघवीच्या कोपऱ्यापासून दूर ठेवा.

वाळलं गवत कितीही चांगलं असलं तरी त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ उरत नाही, आणि गिनी पिगला माणसासारखंच ते शरीरात तयार करता येत नाही. दिवसाला किलोमागे 10 ते 30 मिलिग्रॅम बाहेरून मिळायला हवं. 25-30 ग्रॅम ढोबळी मिरचीत ते भागतं. पेरूची 10-15 ग्रॅमची फोडही पुरते, पण पेरू गोड म्हणून आठवड्यातून दोनदाच. सोबत वाटीभर कोथिंबीर किंवा हिरवा पाला. गिनी पिगच्या गोळ्या मोठे दोन सपाट चमचे, त्याहून जास्त नको. सशाच्या गोळ्या तशाच दिसतात, पण त्यात हे जीवनसत्त्व घातलेलं नसतं. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब घालण्याचाही उपयोग होत नाही, ते काही तासांत विरतं. कमतरता झाली की सांधे सुजतात, जनावर हलायला नको म्हणतं, उचललं की किंचाळतं.

मग पिंजर टाकूनच द्यायचं का? खायला नाही, आणि अंथरायलाही बहुतेक नाहीच. त्याचं काड मेणचट आणि पोकळ, लघवी शोषत नाही, ती तळाशी साचते आणि पायाचे तळवे सोलतात. मोडलेली टोकं डोळ्यांच्या बरोबर उंचीवर असतात. गिनी पिग खाली मान घालून अंथरुणात घुसतात, त्यामुळे बुबुळाला काडी लागणं नेहमीचं. एक डोळा मिटलेला, पाणी गळतंय किंवा बुबुळावर पांढुरका डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातले माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका: त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते आणि डोळा जातो. अंथरायला जुनी सुती चादर किंवा फ्लीस कापड, खाली वर्तमानपत्राचे जाड थर. पिंजराचा खरा उपयोग डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत: पिंजऱ्याच्या बाहेरून, खोक्याच्या खाली आणि मागे, पोत्यात भरून ऊब धरायला. तिथे ते चोख काम करतं.

आतापर्यंत पिंजरच घालत आला असाल तर ते एका दिवसात बंद करू नका, आतड्यातल्या जंतूंना बदल सोसत नाही. पहिले दोन दिवस चतुर्थांश गवत, पुढचे दोन दिवस निम्मं, मग तीन हिस्से, आणि आठवड्याच्या शेवटी पूर्ण गवत. या काळात स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. एरवी आठवड्यातून एकदा पुरे. वजन दहाव्या हिश्शाने उतरलं तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे बरेचसे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे असतात, म्हणून लहान जनावरं तपासणारे कोण आहेत हे गरज पडण्याआधीच विचारून ठेवा. तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन गिनी पिगच्या जिवावर बेततं, हेही त्यांना आठवणीने सांगा. आणि जनावराने 12 तास काहीच खाल्लं नाही, लेंड्याही पडल्या नाहीत, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.