पाना जॉबरच्या हातात

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. २००९ साली तिथल्या एका खोलीत सहा सर्व्हर होते. एक हिशेबाचा, एक हजेरीचा, एक निर्यातीच्या कागदपत्रांचा, बाकीचे कशाकशाचे. कुठल्याही सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसर पाच-सात टक्क्यांवर लोळत पडलेला. आणि सोलापूरच्या मे महिन्यात या लोळणाऱ्यांना गार ठेवायला दोन एसी.

मी मालकांना म्हटलं, सहाही सर्व्हर एकाच यंत्रात बसवतो. एकमेकांच्या अंगावर न पडता, आपापल्या घरात राहिल्यासारखे राहतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गड्डा यात्रेतल्या जादूच्या खेळाची तिकिटं विकतोय.

त्यांना पटलं ते मागावरून. माग एक, पाळ्या दोन. दिवसाचा कारागीर म्हणतो माझा माग, रात्रीचाही तेच म्हणतो. कॉम्प्युटरमध्ये पाळी काही मिलिसेकंदांतच बदलते आणि दोन्ही कारागिरांची कधी गाठच पडत नाही. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं, अख्खं यंत्र आपलंच. पाळ्या लावणारा आणि हे सोंग टिकवून धरणारा प्रोग्रॅम म्हणजे हायपरवायझर. आमच्या भाषेत जॉबर, म्हणजे माग लावून देणारा मिस्त्री.

कारागिरानं कापड विणावं, तुटलेला धागा सांधावा, पण मागाच्या बोल्टला पाना लावायचा तो जॉबरनंच. दिवसपाळीवाल्यानं आपल्या सोयीनं ताण बदलला, तर रात्रपाळीचं कापड बिघडणार. प्रोसेसरच्याही काही आज्ञा अशाच नाजूक असतात. मेमरीचा नकाशा बदल, इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारी हाक) बंद कर, वगैरे. पाहुण्या सिस्टिमनं, म्हणजे हायपरवायझरच्या आसऱ्यानं चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमनं, अशी आज्ञा दिली की प्रोसेसरनं ती तिथंच अडवून हायपरवायझरला हाक मारायची, आणि त्यानं त्या पाहुण्यापुरतं काम झाल्याचं दाखवायचं. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली हा नियम काटेकोरपणे मांडला. त्याच्या दोन वर्षं आधीच आयबीएमनं आपल्या मेनफ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या संगणकांसाठी, व्हीएम/३७० ही असलीच सिस्टिम जाहीर केली होती. म्हणजे ज्याला मी नवं तंत्र म्हणून मिरवत होतो, ते माझ्यापेक्षा वयानं मोठं निघालं.

घोडं अडलं ते आपल्या टेबलावरच्या प्रोसेसरपाशी. २००० साली पेंटियमची एकेक आज्ञा तपासली गेली, तेव्हा सतरा आज्ञा या नियमात न बसणाऱ्या सापडल्या. त्यातली माझी लाडकी ‘पॉपएफ’. कमी अधिकाराच्या पातळीवरून, म्हणजे पाहुण्याच्या जागेवरून, तिच्याकरवी इंटरप्ट बंद करायला जा. ती नाही म्हणत नाही आणि करतही नाही. पाना फिरला, बोल्ट जागचा हलला नाही, आणि जॉबरला पत्ताच नाही. (कचेरीत ज्यांनी कधी अर्ज दिलाय, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.) १९९८ साली सुरू झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनं यावर तोड काढली. पाहुण्याच्या आज्ञा आधी वाचायच्या आणि अडचणीच्या तेवढ्या चालता चालता बदलून टाकायच्या. २००३ साली इंग्लंडातल्या केंब्रिजहून आलेल्या झेन या हायपरवायझरनं उलट वाट धरली. पाहुण्याला सरळ सांगूनच टाकलं, की माग तुझा नाही, पाना लागला तर हाक मार. मग २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच ही सोय केली.

त्या सोयीनं मला तीन रात्री जागवलं. जुन्या बाजारातून आणलेला डेस्कटॉप, मेमरी ४ जीबी, आणि ६४ बिटची पाहुणी सिस्टिम काही केल्या उठेना. सीडी बदलली, डिस्क बदलली. चौथ्या दिवशी कळलं की प्रोसेसरमध्ये सोय आहे, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ती बंद ठेवलेली. त्या काळात पुष्कळ मशीन तशीच यायची. आजही कुणी पोरगं शिकायला आलं की मी पुस्तकाआधी त्याला बायोसमध्ये पाठवतो.

त्याहून मोठी फजिती स्नॅपशॉटनं केली. १३ जानेवारी, भोगी. संमती कट्ट्यापाशी सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची गर्दी, अंगात बाराबंदी, मुठीत तांदूळ, आणि खिशात फोन थरथरतोय. हिशेबाचं मशीन गोठलंय, गेटवर कंटेनर उभा, बिल निघत नाही. तीन आठवड्यांपूर्वी सॉफ्टवेअर अपडेट करताना मी त्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला होता आणि विसरलो होतो. स्नॅपशॉट हा फोटो नव्हे, नावानं फसू नका. तो घेतला की मूळ डिस्क तिथंच थांबते आणि पुढचं सगळं लिखाण वेगळ्या फायलीत साठत जातं. ही फाईल रोज फुगते. माझी इतकी फुगली की साठवणच भरली. जुन्या आयएसओ फायली (सीडींच्या प्रती) उडवून थोडी जागा केली, मशीन हललं, मग स्नॅपशॉट मोडायला घेतला. साठलेला फरक मूळ डिस्कमध्ये मुरायला रात्र झाली. तेव्हापासून स्नॅपशॉटला बॅकअप म्हणणाऱ्याशी मी भांडतो. मूळ डिस्क गेली तर हातात उरतो तो नुसता फरक.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरपासून कायमचे परवाने विकणं थांबवून वर्गणीची पद्धत आणली. तोवर व्हीएमवेअरवर असलेले आम्ही प्रॉक्समॉक्सकडे वळलो. व्हिएन्नातल्या लोकांनी बनवलेलं, डेबियन या लिनक्सवर उभं, आणि आत २००७ पासून लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असलेला केव्हीएम हा हायपरवायझर. पहिला आठवडा नुसतं ‘हे बटण कुठं गेलं’ यात गेला. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की पाने वेगळे, पण बोल्ट तेच. घरी दोन भंगार मशीन ठेवलीत, दर रविवारी त्यांच्यावर काहीतरी मुद्दाम मोडतो. बायकोच्या मते मुद्दाम नव्हे.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी सर्व्हरच्या खोलीतला एसी बसला. नवीन पोरगा धावत आला, “सर, बंद करू का?”

“नको. हलवू.”

दुसरं यंत्र खालच्या मजल्यावर होतं. डिस्कची साठवणही तिथंच, दोघांना सामाईक. म्हणजे न्यायची फक्त मेमरी. चालू मशीनची मेमरी आधी पूर्ण कॉपी होते. तेवढ्यात मेमरीची जी पानं (छोटे तुकडे) बदलली, ती पुन्हा कॉपी होतात, मग त्यात बदललेली पुन्हा. दर फेरीला उरलेला ढीग लहान होत जातो. शेवटी चिमूटभर उरलं की मशीन क्षणभर थांबवायचं, तेवढं पलीकडे टाकायचं आणि तिथं उठवायचं. पोरगा पडद्यावर चालू असलेल्या पिंगच्या, म्हणजे मशीन जागं आहे का हे विचारणाऱ्या हाकेच्या, ओळी मोजत होता. एक चुकली, पुढची आली.

बाजूच्या खोलीत मुनीम त्याच मशीनवर बिल टाइप करत होते. त्यांनी मान वर केली, “काय ओ, एसीवाल्याला फोन लावला का?”